उसन्या आवाजाचं गाणं



काही वर्षांपूर्वी एका गावात साहित्यिक कार्यक्रमाला गेलो होतो. श्रोत्यांत मागच्या रांगेत बसलो होतो. सूत्रसंचालकांनी बोलता बोलता "कुण्या शायरानं म्हटलंय" अशी सुरुवात करून दोन ओळी ऐकवल्या. टाळ्या पडल्या. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "काय ओळी आहेत हो!" मी मान डोलावली. ओळी माझ्याच होत्या. परतताना एसटीत विचार करत होतो, की आपल्याला आनंद झाला की वाईट वाटलं? ओळी लोकांपर्यंत पोचल्या हे खरं, पण नाव वाटेतच गळून पडलं होतं.

त्या प्रवासात मला कॉलेजच्या दिवसांतलं एक गाणं आठवलं. 1990 साली ते जगभर वाजलं आणि पुढे कॅसेटवरून आमच्या मित्रांच्या खोलीतही येऊन पोचलं. गाण्याचं नाव 'द पॉवर', गटाचं नाव 'स्नॅप'. इंग्रजी आम्हाला बेताचंच कळायचं. पण मध्येच एका बाईचा खणखणीत आवाज यायचा. शक्ती आपल्याकडे आहे, एवढंच ती चार शब्दांत ठणकावून सांगायची आणि खोलीतला प्रत्येक जण उठून बसायचा. ती बाई कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. पुढे या गाण्याचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की त्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही.

हे गाणं अमेरिकेचं असेल असं आम्हाला वाटायचं. ते होतं जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं. दुसऱ्या महायुद्धानंतर या शहरात अमेरिकी सैन्याचा मोठा तळ होता. आय. जी. फार्बेन कंपनीच्या भव्य इमारतीत 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी लष्कराचं कार्यालय होतं. सैनिकांसाठी अमेरिकी नभोवाणी केंद्र चालायचं आणि शहरातली जर्मन तरुण मुलंही ते कान देऊन ऐकायची. विमानतळाच्या इमारतीतच 'डोरियन ग्रे' नावाचा नाचाचा क्लब 1978 पासून सुरू होता. अशा शहरात मिशाएल म्युन्झिंग आणि लुका अँझिलॉटी हे दोन निर्माते घडले. 'द पॉवर'वर त्यांनी आपली खरी नावं घातलीच नाहीत. बेनिटो बेनिटेस आणि जॉन 'व्हर्गो' गॅरेट तिसरा अशी टोपणनावं घेतली. म्हणजे या गाण्यात नावांचा लपंडाव अगदी पहिल्या पायरीपासून आहे.

त्या काळात सॅम्पलर नावाचं यंत्र स्टुडिओत रुळलं होतं. जुन्या तबकडीवरचा एखादा तुकडा त्यात साठवायचा, हवा तेव्हा, हव्या तितक्या वेळा वाजवायचा आणि खाली नवा ताल भरायचा. दुसरी एक सोयही होती. अमेरिकेत मोठ्या, बारा इंची तबकड्यांवर डीजेंसाठी कधी कधी गाण्याचं वाद्यांशिवायचं, नुसत्या आवाजाचं रूपही देत असत. मोकळा आवाज असा आयता हाती आला, की तो उचलून दुसऱ्या तालावर बसवणं सोपं जायचं.

फ्रँकफर्टच्या जोडीनं तेच केलं. रॅप घेतला चिल रॉब जी या अमेरिकी रॅपरच्या 'लेट द वर्ड्स फ्लो' या गाण्यातून. आणि ते खणखणीत चार शब्द घेतले जोसेलिन ब्राऊन या गायिकेच्या 1980 च्या दशकातल्या 'लव्हज गॉना गेट यू' या गाण्यातून. गाण्याच्या सुरुवातीला एक रशियन निवेदक संगणकाविषयीची बातमी सांगतो, तोही असाच कुठून तरी आणलेला. बर्लिनची भिंत नोव्हेंबर 1989 मध्ये पडली होती, आणि त्यानंतर काही महिन्यांतच एकाच गाण्यात रशियन निवेदक, अमेरिकी रॅपर आणि जर्मन यंत्र एकत्र ऐकू येत होते. ऐकणाऱ्याला तो नव्या काळाचा आवाज वाटला असेल तर नवल नाही.

पण गाणं अमेरिकेत पोचायची वेळ आली आणि पेच पडला. चिल रॉब जीच्या कंपनीनं त्याच्या आवाजातलं 'द पॉवर' स्वतंत्रपणे बाजारात आणलं. इकडे जर्मन निर्मात्यांनी गाणं नव्यानं मुद्रित केलं. रॅपसाठी टर्बो बी आला. तो मूळचा पिट्सबर्गचा, अमेरिकी सैन्यातून जर्मनीत आलेला. बाईच्या आवाजासाठी पेनी फोर्ड ही अमेरिकी गायिका आली. हीच आवृत्ती गाजली. मार्च 1990 च्या अखेरीस ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. ज्याच्या शब्दांवर पहिलं गाणं उभं राहिलं, तो चिल रॉब जी बहुतेकांच्या लेखी दुसऱ्याच्या गाण्याची नक्कल करणारा ठरला!

गंमत इथं संपत नाही. व्हिडिओत त्या आवाजावर ओठ हलवताना दिसते जॅकी हॅरिस. म्हणजे मूळ शब्द जोसेलिन ब्राऊनच्या गाण्यातले, नव्यानं गायल्या पेनी फोर्ड, आणि पडद्यावर तिसरीच. आपल्याला पार्श्वगायनाची सवय आहे, त्यामुळे यात वावगं काय, असं वाटेल. पण 'महल' चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर 1949 साली लताबाईंचं नाव नव्हतं, पात्राचं, कामिनीचं नाव होतं, हे आठवून पाहा. आवाजाला नाव मिळायला आपल्याकडेही झगडावं लागलं आहे.

त्या एक-दोन वर्षांत हा प्रश्न सगळीकडूनच वर आला. 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन गटाच्या 1989 च्या 'राइड ऑन टाइम'मध्ये लोलिआटा हॉलोवेचा 1980 सालचा आवाज होता आणि पडद्यावर एक मॉडेल. याच गटाच्या इतर गाण्यांत मार्था वॉश गायली, तिच्या जागीही मॉडेलच दिसली. मार्था वॉश कोर्टात गेली, मोबदला आणि नाव दोन्ही मागितलं आणि तडजोडी होऊन तिच्या कष्टाची दखल घ्यावी लागली. जर्मनीतच फ्रँक फारियान या निर्मात्यानं घडवलेल्या 'मिली व्हॅनिली' या जोडीला फेब्रुवारी 1990 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यांनी रेकॉर्डवर गायलंच नव्हतं हे उघड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये तो काढून घेण्यात आला. डिसेंबर 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं बिझ मार्की या रॅपरच्या खटल्यात बजावलं, की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा घेणं ही चोरीच आहे.

फ्रँकफर्टला तर हा वाद पुढेही पुरला. तिथल्याच मोझेस पेलहाम या निर्मात्यानं 1997 मध्ये क्राफ्टवेर्क या गटाच्या 1977 च्या रचनेतला सुमारे दोन सेकंदांचा ताल घेतला. दोन सेकंद! त्यावरून सुरू झालेला खटला जर्मनीच्या घटनापीठापर्यंत आणि युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. जर्मन घटनापीठानं 2016 मध्ये कलावंताच्या स्वातंत्र्याची बाजू उचलून धरली. युरोपीय न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं, की तुकडा कानाला ओळखू येत असेल तर तो कितीही छोटा असला तरी साधारणपणे परवानगी हवी.

मला दोन्ही बाजू पटतात. म्युन्झिंग आणि अँझिलॉटी नुसते उचले नव्हते. वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जुळवून त्यांनी असं काही उभं केलं, की ते आधी कुणी ऐकलं नव्हतं. उसनं घेणं हा कलेचा जुना रिवाज आहे. उर्दू शायरीत त्याला तज़मीन म्हणतात. दुसऱ्या शायराचा मिसरा घ्यायचा आणि त्याला आपल्या ओळी जोडायच्या. पण तिथं एक अदब आहे. मिसरा कुणाचा, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, नसेल तर सांगितलं जातं. गझलेच्या मक्त्यात शायर आपलं तख़ल्लुस गुंफतो. आपल्या संतांनी तर अभंगाच्या शेवटी नाव ओवूनच ठेवलं. छापखाना नसताना, तोंडोतोंडी फिरतानाही त्या ओळी पोरक्या झाल्या नाहीत.

गायिकेच्या आवाजाला अशी नाममुद्रा लावता येत नाही. चार शब्दांचा तुकडा कापला, की नाव मागेच राहतं. कोर्टानं परवानगी आणि पैसा यांचा हिशेब पुष्कळ केला, पण नाव सांगण्याचं काम शेवटी गाणं लावणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं उरतं. 'स्नॅप'चं 1992 सालचं 'रिदम इज अ डान्सर' ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात गाणाऱ्या थिआ ऑस्टिनचं नाव रचनाकारांत आहे. दोन वर्षांत एवढा फरक पडला, हेही नोंदवलं पाहिजे.

आणि एक कबुली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मीही एका ज्येष्ठ कवीच्या ओळी नाव न घेता म्हटल्या होत्या आणि टाळ्या आपल्याच समजून घरी नेल्या होत्या. त्या दिवशी एसटीत सूत्रसंचालकांवरचा माझा राग निवळला तो या आठवणीनं. तेव्हापासून ओळ म्हणण्याआधी नाव घ्यायचं, एवढा नेम केला आहे.

श्रोतेहो, हे गाणं अजूनही कुठं लग्नाच्या मांडवात, कुठं खेळाच्या मैदानावर कानी पडतं. पुन्हा ऐकाल तेव्हा तीन नावं आठवा. जोसेलिन ब्राऊन, चिल रॉब जी आणि पेनी फोर्ड.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)