खांद्यावरचा कॅमेरा

क्वेबेक हा कॅनडातील फ्रेंच भाषिकांचा प्रांत. तेथील मॉन्ट्रियल नगरात १९२८ साली जन्मलेल्या मिशेल ब्रो ह्यांनी कॅमेरा तिपाईवरून उतरवून खांद्यावर घेतला आणि तो माणसांच्या घोळक्यात नेला. १९५८ साली जिल ग्रू ह्यांच्यासह काढलेल्या ‘ले राकेतर’ ह्या लघुपटात बर्फपादुका घालून धावणाऱ्यांचा मेळावा त्यांनी त्या गर्दीतलेच एक होऊन टिपला. पाहणारा आणि पाहिला जाणारा ह्यांतील अंतर तुटावे, हे त्यांच्या कलेचे सूत्र होय.

ह्या सूत्राची खरी कसोटी पुढे लागली. ऑक्टोबर १९७० मध्ये फुटीरवाद्यांनी केलेल्या दोन अपहरणांनंतर कॅनडा सरकारने युद्धकालीन कायदा लागू केला. सुमारे पाचशे माणसे पकडली गेली. त्यांतील बहुतेकांवर आरोपही ठेवला गेला नाही. कोठडीत काय घडले, ते टिपण्यास तेथे कॅमेरा नव्हता. तेव्हा ब्रो ह्यांनी सुटून आलेल्यांच्या हकिकती ऐकल्या आणि त्यांतून पाच पात्रे घडवून १९७४ साली ‘लेझॉर्द्र’, म्हणजे ‘हुकूम’, हा चित्रपट निर्माण केला. त्यात नट प्रथम स्वतःचे नाव सांगतो, मग पात्राचे. म्हणजे अभिनय हा अभिनय म्हणूनच पुढे येतो. बाहेरचे जग कृष्णधवल, तुरुंग मात्र रंगीत!

१९७५ साली कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक त्यांना कोस्ता-गाव्रास ह्यांच्यासह विभागून मिळाले. २०१३ साली ते निवर्तले. ज्यांचा गुन्हाच कोणी सांगितला नाही, त्यांची साक्ष मात्र पडद्यावर राहिली.