चाकाची खुर्ची आणि फुगडी

पंचमी आली की आपल्या अक्कलकोट तालुक्यात गावोगावी फेर धरतात, झिम्मा-फुगडी होते. आणि एखादी सखी भिंतीला टेकून नुसत्या टाळ्या वाजवत बसते. कुणाचा पाय पोलिओनं गेलेला, कुणाचा मणका पडून दुखावलेला. तिला बसायला पाट देतात, चहा देतात, फेरात मात्र बोलवत नाहीत.

खुर्चीत बसून नाचता येतं का? येतं, आणि त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली.

आधी आले खेळ. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला मार बसलेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या दवाखान्यात डॉ. लुडविग गुटमन उपचार करत. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी खुर्चीतल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यात बायकाही होत्या. पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. नाच आला १९६८ साली, स्वीडन देशात. सुरुवातीला तो उपचार आणि करमणूक म्हणून होता, मग स्पर्धा होऊ लागल्या. १९९८ साली जपानमध्ये जागतिक स्पर्धा झाली.

यात एक जण खुर्चीत असतो, दुसरा पायावर उभा. दोघंही खुर्चीत असलेली जोडीही असते. उभा असलेला मागून खुर्ची ढकलत फिरवतो, असं समजू नका. समोरासमोर हात धरायचे, एकानं ओढ द्यायची, दुसऱ्यानं ती तोलायची, की खुर्ची गर्रकन फिरते. म्हणजे आपली फुगडीच की! फुगडीतही एकटीच्या जोरावर काही होत नाही. या खुर्चीची चाकं खाली बाहेरच्या बाजूला कललेली असतात, म्हणून ती चटकन वळते आणि सहसा कलंडत नाही.

टीव्हीवर खाष्ट सासू झालेल्या सुधा चंद्रन तुम्हाला माहीत आहेत. १९८१ साली अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या १९८४ साली पुन्हा नाचल्या. मोठंच धाडस ते. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बाई पुन्हा उभी राहिली म्हणून. जिला उभंच राहता येणार नाही, तिचं काय? आम्हाला स्वीडनची गोष्ट जास्त जवळची वाटते ती यामुळेच.

अशी खुर्ची आपलीशी करणारी बाई आपल्याच जिल्ह्यात जन्मली. नसीमा हुरजूक, जन्म सोलापूरचा, १९५०. सोळाव्या वर्षी कमरेखालचं अंग लुळं पडलं. पुढे स्वतः खुर्चीत असलेले बाबूकाका दिवाण भेटले आणि जगायची उमेद आली. १९८४ साली नसीमादीदींनी सहकाऱ्यांसोबत कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. मुलांची राहण्याची सोय, शाळा, हाताला काम, असं एकेक उभं केलं. त्यांच्या आत्मकथेचं नावच ‘चाकाची खुर्ची’.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिक्षण आणि नोकरीसोबत करमणुकीचा आणि सांस्कृतिक जीवनाचा हक्कही लिहिलेला आहे. तो कुणी फारसा वाचत नाही.

आपली अडचण जमिनीची आहे. काळ्या मातीत, पावसात चाक रुततं. म्हणून आम्ही या पंचमीचा फेर समाजमंदिराच्या फरशीवर धरायचं ठरवलंय. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपली पायरी अर्ध्या फुटाची, म्हणजे सहा फुटांची रुंद फळी पुरेल. ज्यांच्या घरी असेल त्यांनी गटाच्या बैठकीत सांगावं.