अरबी पद्धतीचं ग्रिल घरी करायचंय? मसाल्याआधी निखारा समजून घ्या

मोबाईलवर रेसिपीचा व्हिडिओ पाहिला, चिकन आणलं, मसाला लावला, शेगडी पेटवली. पण खायला बसलं की बाहेरून काळं आणि आतून कच्चं. अरबी पद्धतीचं ग्रिल घरी करून पाहणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. बहुतेक वेळा चूक मसाल्यात नसते. ती आगीत, वेळेत आणि मांसाच्या निवडीत असते. जालन्यासारख्या ठिकाणी हे ग्रिल नीट आणि सुरक्षित कसं करायचं, ते समजून घेऊ.

मशावी म्हणजे काय?

निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थांना अरबीत 'मशावी' म्हणतात. त्यात शिश तावूक (दही-लसणात मुरवलेले चिकनचे तुकडे), कोफ्ता कबाब (सळईवर थापलेला खिमा), मटणाचे तुकडे आणि सोबत भाजलेले कांदे, टोमॅटो, वांगी असं सगळं येतं. आपल्या तंदुरीपेक्षा यात तिखट खूप कमी असतं. लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल, जिरे, धणे, मिरी, दालचिनी एवढ्यावर काम भागतं. मसाला कमी असल्यामुळे मांस शिळं असेल किंवा करपलं असेल, तर ते लपत नाही.

मराठवाड्याचा अरबी चवीशी संबंध काय?

जालना 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. निजामाच्या फौजेत येमेनमधल्या हद्रमौत भागातून आलेले अरब सैनिक होते. त्यांच्या वंशजांना 'चाऊश' म्हणतात आणि हे आडनाव मराठवाड्यात आजही आढळतं. हैदराबादमध्ये त्यांची मोठी वस्ती असलेला बारकस भाग आज मंदी या अरबी भात-मटणासाठी ओळखला जातो. त्यामुळे ही चव आपल्याकडे फक्त इंटरनेटवरून आलेली नाही.

मांस कोणतं घ्यायचं?

अरब देशांतल्या बऱ्याच रेसिपी मेंढीच्या मांसासाठी असतात. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचं. त्यात चरबी कमी असते आणि ते लवकर चिवट होतं. म्हणून पहिल्यांदा करत असाल तर बोनलेस चिकन घ्या, तेही मांडीचं. मटणच हवं असेल तर खिमा सोपा पडतो. खाटिकाला खिम्यात थोडी चरबी घालायला सांगा, नाहीतर कोफ्ता कोरडा होतो. खिम्यातला किसलेला कांदा घट्ट पिळून घ्या. पाणी राहिलं तर खिमा सळईवरून गळून पडतो.

अर्धा किलो चिकनसाठी प्रमाण असं:

- घट्ट दही 100 ग्रॅम, तेल 2 मोठे चमचे
- 1 लिंबाचा रस, लसणाच्या 5 ते 6 पाकळ्या
- धणे पूड आणि जिरे पूड प्रत्येकी 1 छोटा चमचा
- मिरपूड अर्धा, दालचिनी पूड पाव छोटा चमचा
- मीठ 1 छोटा चमचा

हे 4 ते 6 तास फ्रिजमध्ये मुरू द्या. लिंबाऐवजी जालन्याची मोसंबी चालेल का? मुरवायला नाही. मोसंबीत आंबटपणा फार कमी असतो. ती जेवणानंतर खायला ठेवा.

सळई कुठली वापरायची?

जालना स्टीलच्या कारखान्यांचं शहर आहे. इथे सळईचा तुकडा सहज मिळतो. पण बांधकामाची सळई स्वयंपाकासाठी नसते, तिच्यावर गंज आणि तेल असू शकतं. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा जाळीही टाळा. आंबट मसाल्यात जस्त उतरतं आणि जास्त तापल्यावर त्याचा धूर आरोग्याला घातक असतो. स्टेनलेस स्टीलच्या चपट्या सीख भांड्यांच्या दुकानात मिळतात, त्याच घ्या. लाकडी काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

निखारा तयार झाला, हे कसं ओळखायचं?

ज्वाळेवर मांस ठेवू नका. कोळसा पेटल्यावर 20 ते 30 मिनिटं थांबा. निखाऱ्यांवर राखाडी राख दिसू लागली की तळहात चार-पाच इंच वर धरा. तीन-चार सेकंदांत हात काढावासा वाटला तर आच योग्य आहे. निखारे शेगडीच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी ठेवा. बाहेरून रंग आला की सीख कमी आचेकडे सरकवा. आतून कच्चं राहण्यावर हाच उपाय आहे. चिकनच्या इंचभर तुकड्यांना 10 ते 14 मिनिटं लागतात.

भाज्या वेगळ्या सीखवर का?

टोमॅटो चार-पाच मिनिटांत मऊ होतो, कांद्याला दहा मिनिटं लागतात. एकाच सीखवर मांस आणि भाज्या लावल्या तर काहीतरी करपतं किंवा कच्चं राहतं. घरात कोणी शाकाहारी असेल तर भाज्या आधी भाजून घ्या. वांगं अख्खंच निखाऱ्यावर ठेवा, जसं भरीत करताना ठेवतो. त्याच वांग्यात तिळाची पेस्ट, लिंबू आणि लसूण घातला की अरबी 'मुतब्बल' तयार होतं.

शिजलं की नाही, कसं कळेल?

रंगावर विसंबू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर चिकन आतून 74 अंश आणि खिमा 71 अंश सेल्सिअस व्हायला हवा. खिम्याला जास्त काळजी लागते, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत जातात. थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून पाहा. आत गुलाबी भाग दिसला तर पुन्हा ठेवा.

कच्च्या मांसाचा मसाला उरला तर तो भाजलेल्या तुकड्यांवर लावू नका. कच्च्या मांसाचं ताटही शिजलेल्यासाठी वापरू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मांस फ्रिजबाहेर एक तासापेक्षा जास्त ठेवू नका.

शेगडी घरात पेटवली तर?

नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धूर थांबला तरी निखाऱ्यातून तो निघतच राहतो. म्हणून शेगडी अंगणात किंवा उघड्या गच्चीवरच पेटवा. थंडीत उरलेले निखारे शेकायला खोलीत नेण्याची सवय जिवावर बेतू शकते. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ असं जाणवलं तर लगेच मोकळ्या हवेत या आणि 108 वर फोन करा. काम संपल्यावर निखारे पाण्याने पूर्ण विझवा.

अंगण किंवा गच्ची नसेल तर गॅसवर बिडाचा तवा कडक तापवून हेच तुकडे भाजता येतात. निखाऱ्याचा वास तेवढा येणार नाही. बाकी चव मात्र जवळपास तीच मिळते.