फायबरच्या होडीतला गाभा

* मूळ मजकुरात लेखकाने ‘आत लाकूड भरलं’ एवढंच लिहिलं आहे. ही निवड किती महत्त्वाची असते, ते कळावं म्हणून हा खुलासा. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलका गाभा बसवला की वजन फारसं न वाढता जाडी वाढते, आणि ताठरपणा साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मुख्यतः इक्वेडोरहून येणारा बाल्सा तंतू उभे राहतील असा कापून लावतात. तो दाब उत्तम सोसतो; पण डेकवरच्या एका उघड्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं तरी कुजतो. पीव्हीसी फोम कुजत नाही, मात्र एकवटलेल्या भाराखाली चेपतो. म्हणून दोर अडकवायच्या क्लीट आणि दोर ओढायच्या विंचखाली मरीन प्लाय किंवा भरीव लॅमिनेटच हवं. थर्माकोल पॉलिएस्टर रेझिनखाली कधीच घालू नये, रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीसाठी लाकडी गाभा निवडला होता : रेड सीडारच्या पट्ट्या, वर ग्लास आणि इपॉक्सी. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दुरुस्तीत कुजलेला गाभा कोरडा, निरोगी भाग लागेपर्यंत काढावा. ओलावा आत ठेवून वरून थर चढवणं ही फसवणूकच. नवं भोक आधी मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरावं आणि ते वाळल्यावरच त्यात स्क्रूचं छिद्र पाडावं. — संपादक