वर्गपत्र आणि मराठी कॅथलिक वारसा

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत प्रकाशित झाले. मराठी शाळांतील भित्तिपत्रके आणि हस्तलिखिते हे त्याच परंपरेचे बालरूप होय. एखाद्या वर्गाने अशा पत्रासाठी कॅथलिक वारसा हा विषय निवडला, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की हा इतिहास आपला की परक्यांचा?

या प्रश्नाचे पहिले उत्तर मराठी भाषेतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला; पण त्याचा छंद, त्याची पुराणशैली आणि त्यातील मराठीची स्तुती अस्सल इथल्या मातीची आहे.

दुसरे उत्तर वसईत मिळते. तेथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे पोर्तुगीज पिता व भारतीय माता यांचे पुत्र. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल आहे. एकाच घंटेत एका समाजाचा विजय आणि दुसऱ्याची हानी असे दोन्ही नाद आहेत.

वर्गपत्राची खरी कसोटी येथेच लागते. केवळ गौरवाची पाने लिहिणे सोपे असते. परंतु १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले आणि अखेर १८१२ मध्ये ते बंद झाले. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचा वापर मोडून काढण्याचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या छायेत ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तिनेच ही पावले उचलली. विद्यार्थ्यांनी या दोन्ही बातम्या शेजारशेजारच्या स्तंभांत मांडाव्यात. एक वगळली की दुसरीही खोटी ठरते. आजच्या वर्गमित्राला शतकांपूर्वीच्या राजवटीचा जाब विचारू नये आणि त्या राजवटीचे अपराध झाकूही नयेत, हा विवेक अशा लेखनातून अंगी बाणतो.

नियतकालिकाची परंपराही या वारशात आहे. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. मराठी ख्रिस्ती वाचकांच्या घरात त्याने पिढ्यान्‌पिढ्या मराठी अक्षर पोहोचविले.

वसईपासून हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या भिलाईच्या खुर्सीपारसारख्या कामगार वस्तीतही हा विषय परका ठरत नाही. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. १८८७ मध्ये नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला, आणि रायपूरचे स्वतंत्र धर्मक्षेत्र १९६४ मध्ये निर्माण झाले. दरम्यान ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि अनेक प्रांतांचे, अनेक धर्मांचे लोक येथे शेजारी झाले.

म्हणून अशा पत्राचे शेवटचे पान वस्तीसाठी राखावे. प्रार्थनामंदिराच्या कोनशिलेवरील साल, वृद्धांच्या आठवणीतील पहिला नाताळ, प्रार्थनेची भाषा हे सारे विद्यार्थ्यांनी स्वतः विचारून, सांगणाऱ्याच्या संमतीने व तारखेसह लिहावे. ग्रंथांतील इतिहास इतरांनी जपला आहे. हे पान मात्र त्यांनी न लिहिल्यास कोणीच लिहिणार नाही.