हाक पोचली, निरोप नाही

मनोऱ्यावाचून बिनतारी यंत्रे एकमेकांकरवी निरोप पुढे धाडू शकतात. त्या वाटा ठरविणाऱ्या नियमांची परीक्षा मात्र पुष्कळदा संगणकातल्या लुटुपुटीच्या जगातच होई. २००२ च्या सुमारास स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांच्या हाती संगणक देऊन त्यांना इमारतीच्या बोळांतून चालविले. यंत्रे ३७ पर्यंत! कोणी केव्हा कुठे वळायचे, ते पडद्यावर उमटे. नाटकाची तालीमच म्हणा ना.

‘एओडीव्ही’ नावाची पद्धत तपासताना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ‘मी येथे आहे’ ही हाक पोचे, शेजार जुळला असे ठरे, आणि खरा मजकूर वाटेतच गडप होई. हाक आखूड, शिवाय सेकंदाला २० लाख बिटांच्या संथ चालीची. मजकूर लांब आणि १ कोटी १० लाखांच्या घाईचा. संथ बोलणे दूरवर कळते, घाईचे जवळच विरते! या फसव्या पट्ट्यांना त्यांनी ‘करडे प्रदेश’ म्हटले. लुटुपुटीच्या जगात दोहोंची मजल सारखीच धरलेली. तेथे हे दिसणार कसे?

मग उपाय निघाले: लागोपाठ हाका आल्या तरच शेजार मानायचा, आणि क्षीण हाकेकडे सरळ कानाडोळा करायचा.