९७ ई-मेल, ४५ मिनिटे आणि कोठेही न लिहिलेली एक सूचना

१/ १ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडण्यास अजून दीड तास अवकाश होता. सकाळी ८ वाजून १ मिनिटाच्या सुमारास ‘नाइट कॅपिटल’ या दलाली पेढीची संगणकप्रणाली आपल्याच कर्मचाऱ्यांना आपोआप ई-मेल पाठवू लागली. साडेनऊला बाजाराची घंटा वाजेपर्यंत असे ९७ ई-मेल गेले होते. दोष कोणत्या प्रणालीत आहे आणि कोणत्या जुन्या कार्यक्रमाशी त्याचा संबंध आहे, हे दोन्ही त्यांत नमूद होते. त्यानंतरच्या पाऊण तासात पेढीने ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली.

२/ नाइट ही काही किरकोळ पेढी नव्हती. न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीतून चालणाऱ्या या पेढीच्या हातून त्या काळी अमेरिकेतील नोंदणीकृत शेअरांच्या एकूण उलाढालीपैकी सुमारे १० टक्के उलाढाल होत असे. ग्राहकाची मोठी मागणी घ्यायची, तिचे लहान लहान तुकडे करायचे आणि ते निमिषार्धात निरनिराळ्या बाजारांकडे धाडायचे, हे काम ‘स्मार्स’ नावाची प्रणाली करी. ती आठ सर्व्हरांवर चालत असे.

३/ या प्रणालीच्या पोटात ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना कार्यक्रम पडून होता. २००३ मध्ये त्याचा वापर थांबला; पण तो काढून मात्र टाकला गेला नाही. घरात न लागणारी वस्तू माळ्यावर टाकावी, तसा तो राहिला. फरक इतकाच, की माळ्यावरचा बंब आपण होऊन पेटत नाही.

४/ येथे एक तांत्रिक बाब समजून घेतली पाहिजे, कारण सारा अनर्थ तिच्यातून उद्भवला. पंगतीत वाढपी वाढत असताना “आता पुरे” म्हणणारा कोणी तरी लागतो. पॉवर पेगमध्ये हे काम एक मोजणी करी: मूळ मागणीइतके शेअर घेऊन झाले की पुढचे तुकडे पाठवणे थांबवायचे. २००५ मध्ये ही मोजणी प्रणालीत आधीच्या टप्प्यावर हलवण्यात आली. या बदलानंतर पॉवर पेग नीट थांबतो की नाही, याची चाचणी कोणी घेतली नाही. वापरातच नसलेल्या गोष्टीची चाचणी कोण घेणार? वाढपी राहिला, पुरे म्हणणारा गेला.

५/ सात वर्षे हा दोष निद्रिस्त होता. २०१२ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना आखली. १ ऑगस्ट हा तिचा पहिला दिवस. तीत सहभागी होण्यासाठी नाइटने नवा कार्यक्रम लिहिला आणि तो चालू करण्यासाठी जी सांकेतिक खूण निवडली, ती पूर्वी पॉवर पेग चालू करणारी होती. नवा कार्यक्रम जुन्याची जागा घेणार असल्याने यात वावगे काही नाही, असा हिशेब होता. मात्र तो आठही सर्व्हरांवर जुना कार्यक्रम पुसला गेला तरच बरोबर ठरणार होता.

६/ २७ जुलैपासून नवा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने चढवण्यात आला. एका तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. इतिहासात अशा माणसाच्या माथी सारे खापर फोडण्याची रीत जुनी आहे. पण ती येथे अन्यायाची ठरते. माणूस विसरतो, म्हणून तर दुसऱ्याने तपासायचे असते. दुसऱ्या तंत्रज्ञाने हे काम पडताळून पाहावे, अशी लेखी कार्यपद्धतीच नाइटमध्ये नव्हती. कोणी नियम मोडला नाही. मोडावा असा नियमच लिहिलेला नव्हता.

७/ साडेनऊ वाजता बाजार उघडला. सात सर्व्हर नेमून दिल्याप्रमाणे चालले. आठव्यावर त्याच खुणेने पॉवर पेग जागा झाला. ग्राहकांच्या केवळ २१२ मागण्या त्याच्याकडे आल्या. त्यांच्यापोटी त्याने लक्षावधी तुकडे बाजारात ओतले. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर हातोहात फिरले. ८० कंपन्यांत सुमारे ३५० कोटी डॉलरची नको असलेली खरेदी, ७४ कंपन्यांत सुमारे ३१५ कोटी डॉलरची नको असलेली विक्री.

८/ या गदारोळात तंत्रज्ञांनी एक उपाय केला: नीट चालणाऱ्या सात सर्व्हरांवरून नवा कार्यक्रम काढून घेतला. दोष नव्या कार्यक्रमात असावा, हा तर्क स्वाभाविक होता. परिणाम उलटा झाला. त्या सातांवरही आता पॉवर पेग जागा होऊ लागला. संकटात काय करावे, यासाठी पुरेशी ठरलेली कार्यपद्धती नव्हती आणि त्या खुणेचा पूर्वेतिहास त्या घटकेला कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

९/ आता त्या ९७ ई-मेलांकडे परत येऊ. ते इशारा म्हणून योजलेलेच नव्हते; आल्याबरोबर उघडून पाहण्याचा प्रघातही नव्हता. यंत्राने सांगितले, परंतु ते ऐकणे कोणाचे कर्तव्य आहे, हे ठरलेले नव्हते. तुलनेसाठी ९ सप्टेंबर १९४७ ची एक नोंद पाहण्याजोगी आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. चालकांनी तो वहीत चिकटवला आणि शेजारी लिहिले: वेळ दुपारची ३:४५, पॅनल एफ, रिले क्रमांक ७०. ‘बग’ हा शब्द अभियंत्यांत त्याआधीही रूढ होता. ही वही मोलाची आहे ती तिच्या शिस्तीसाठी. दोष कोठे, केव्हा, कशाने, हे एका ठिकाणी आणि पुढच्या माणसाला वाचता येईल असे.

१०/ दोष समोर दिसत असूनही नोंदला न जाणे, हे शेअरबाजाराला नवे नव्हते. कॅनडातील व्हँकूव्हर स्टॉक एक्स्चेंजने जानेवारी १९८२ मध्ये १,००० अंकांवर आपला निर्देशांक सुरू केला. दिवसातून सुमारे ३,००० वेळा तो नव्याने मोजला जाई आणि दर वेळी तीन दशांश स्थळांपुढील अंक पूर्णांकित न करता छाटले जात. ही गळती महिन्याला सुमारे २५ अंकांची होती. बाजार ठीक चाललेला, निर्देशांक घसरतच गेलेला. दुरुस्ती होण्यास २२ महिने लागले. नोव्हेंबर १९८३ मध्ये शुक्रवारी ५२४.८११ वर बंद झालेला निर्देशांक सोमवारी १,०९८.८९२ वर उघडला.

११/ नाइटला पूर्वसूचना मिळाली नव्हती असेही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये शनिवार-रविवारच्या सरावासाठी वापरलेली चाचणीची माहिती सोमवारी प्रत्यक्ष व्यवहारात तशीच राहिली आणि सुमारे ७५ लाख डॉलर बुडाले. पेढीने त्या एका प्रणालीला वेसण घातली. अशी चूक अन्यत्र कोठे होऊ शकेल, हा व्यापक विचार मात्र झाला नाही. नुकसान भरून निघण्याजोगे होते, हेच बहुधा दुर्दैव.

१२/ १ ऑगस्टच्या व्यवहारांपैकी केवळ सहा कंपन्यांच्या शेअरांतील काही सौदे रद्द झाले; बाकीचे नाइटला निस्तरावे लागले. दोन दिवसांत तिचा स्वतःचा शेअर सुमारे ७५ टक्के कोसळला. आठवडा उलटण्याच्या आत बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर घालून ती तगवली. पण मालकीचा मोठा हिस्सा त्या बदल्यात गेला. जुलै २०१३ मध्ये ‘गेटको’शी विलीनीकरण होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

१३/ १६ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या बाजार-नियामक आयोगाचा, म्हणजे तेथील ‘सेबी’चा, आदेश आला. दंड १ कोटी २० लाख डॉलर. बाजारात थेट प्रवेश असलेल्या दलालांवर नियंत्रणे बंधनकारक करणारा नियम आयोगाने २०१० मध्ये केला होता. त्याखालील ही पहिली कारवाई. आज त्या सकाळविषयी जे ठाऊक आहे, ते बहुतांशी याच आदेशातून: कोणता बदल कोणत्या वर्षी झाला, कोणती चाचणी राहिली, किती ई-मेल गेले, कोणता उपाय उलटला. आठ सर्व्हरांच्या त्या यंत्रणेची ही पहिली सुसंगत लेखी हकीकत, आणि ती नाइटच्या अभियंत्यांनी नव्हे, नियामकाने लिहिली. तोवर नाइट नावाची स्वतंत्र पेढी उरलेली नव्हती.